देवळाबाहेरची साधना: कोल्हापुरात राहून कोणता रस्ता धरावा?

देव मानता का, या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही. पूजेत मन रमत नाही. पण सकाळी उठून कामाला जुंपून घ्यायचं आणि रात्री दमून झोपायचं, एवढ्यावरही भागत नाही. असं सांगणारी माणसं कोल्हापुरात आता पुष्कळ भेटतात. कुणी उद्यमनगरात वर्कशॉप चालवतं, कुणी विद्यापीठात शिकतं, कुणाचा राजारामपुरीत दवाखाना असतो. यांतल्या बहुतेकांना आपला धर्म सोडायचा नसतो आणि दुसरा घ्यायचाही नसतो. थोडी स्थिरता हवी असते, आपल्यापेक्षा मोठ्या कशाशी तरी नातं हवं असतं आणि मध्ये कुणी दलाल नको असतो. हा आढावा त्यांच्यासाठी.

चार रस्ते मी शेजारी शेजारी ठेवले आहेत: आळत्याचं विपश्यना म्हणजे मौनातल्या ध्यानाचं शिबिर, पेठेतलं किंवा गावातलं भजनी मंडळ, एकट्याची साधना आणि महात्मा फुल्यांच्या सत्यशोधकी विचाराने जगणं. बुवा-महाराजांच्या बैठका आणि फी भरून होणारी शिबिरं यांच्याबद्दल थोडक्यातच लिहीन.

निवड करताना लोक आधी तत्त्वज्ञान विचारतात. आत्मा मानतात का, पुनर्जन्म मानतात का. हे प्रश्न फोल नाहीत, पण माझ्या मते दोन प्रश्न त्यांच्या आधीचे आहेत. रोज उठून नेमकं करायचं काय? आणि घरात मयत झालं तर दारात कोण येणार, त्या दिवशी काय करायचं? धर्माकडे या दोन्हींची तयार उत्तरं असतात. रक्षाविसर्जन कधी, नैवेद्य कुणी करायचा, खांद्याला कोण, सगळं ठरलेलं. बाहेर पाऊल टाकणाऱ्याला ही व्यवस्था स्वतः उभी करावी लागते, आणि बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. म्हणून खालचा प्रत्येक रस्ता मी या दोन प्रश्नांवर घासून बघितला आहे.

हे नवं खूळ नाही

घरातली मोठी माणसं म्हणतील, हे मोबाईल बघून डोक्यात शिरलंय. त्यांना आपल्याच गावचा इतिहास सांगा. 1899 साली पंचगंगेच्या घाटावर वेदोक्ताचा वाद पेटला. छत्रपतींसाठी वेदोक्त म्हणजे वेदांतले, उच्चवर्णीयांसाठीच मानलेले मंत्र म्हणायचे की पुराणोक्त म्हणजे पुराणांतले, यावरून. राजर्षी शाहू महाराजांनी हा प्रश्न स्वतःच्या मानापमानापुरता ठेवला नाही. 1911 मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. पुढे महाराजांनी आर्य समाजाला इथे आणलं, राजाराम कॉलेज त्यांच्या हाती सोपवलं, आणि 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतःच्या धर्मगुरूचं, स्वतंत्र पीठ निर्माण केलं. महाराज श्रद्धाळू होते, ते धर्माबाहेर गेले नाहीत. पण माणूस आणि देव यांच्या मध्ये कोण उभं राहील हे जन्मावरून ठरणार नाही, हे त्यांनी राजसत्तेचं सगळं बळ लावून सांगितलं. त्याच 1920 च्या मार्च महिन्यात हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला परिषद झाली. तिथे महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर होते. बाबासाहेबांनी पुढे 1956 मध्ये नागपुरात धम्मदीक्षा घेतली, म्हणजे बाहेर पडून दुसरा मार्ग धरला. कुठेच नाव न घालता साधना करायची, हा तुमच्या मनातला विचार याच जुन्या भांडणाचा पुढचा भाग आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आळते: दहा दिवसांचं मौन

माणगाव ज्या तालुक्यात आहे त्याच हातकणंगले तालुक्यात, आळते गावाजवळ रामलिंगच्या रस्त्याला ‘धम्मालय’ हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही पद्धत शिकले, 1969 मध्ये भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले. आळत्याला शिकवतात ती हीच पद्धत.

दिनक्रम आधीच माहीत असलेला बरा. पहाटे चारला घंटा. दिवसभरात साधारण दहा तास बसणं. अकराला जेवण, आणि नव्या साधकाला संध्याकाळी पाचला चहा-फळं, त्यानंतर काही नाही. रात्री प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मोबाईल, वही, पुस्तक सगळं जमा. शेजारच्याशी बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत. सुरुवातीचे तीन-साडेतीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष, मग अंगावरच्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत बघत जायचं. पुढे रोज तीन वेळा तासभर न हलता बसायचा निर्धार करायला सांगतात. गुडघे बोलतात, पाठ बोलते, आणि पंधरा वर्षांपूर्वी कुणी केलेला अपमानसुद्धा अचानक आठवतो.

या रस्त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे शिस्त आणि पैशांचा स्वच्छ व्यवहार. राहणं, जेवणं, शिकणं, कशालाच फी नाही. दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडूनच घेतलं जातं. म्हणजे जो अजून काही शिकला नाही त्याच्याकडून पैसाही घेत नाहीत. अध्यात्माच्या बाजारात ही गोष्ट फार दुर्मीळ आहे, आणि मला तिचं मनापासून कौतुक आहे.

आता दुसरी बाजू. ‘इथे कुठलाच धर्म नाही’ असं ऐकून जाणाऱ्याने लक्षात ठेवावं की शिबिराची सुरुवात त्रिशरण आणि पंचशील घेऊन होते, आणि सकाळ-संध्याकाळ पाली सुत्तं आणि हिंदी दोहे कानावर पडतात. गोयंकांची भूमिका अशी की बुद्धाने संप्रदाय शिकवला नाही, निसर्गनियम शिकवला. ती पटते. तरीही संस्थेचा रंग अजिबात नको असलेल्याला इथे थोडं अडखळल्यासारखं होईल. त्या दहा दिवसांत तुमचा जप, माळ, अगरबत्ती, योगासनं सगळं बाजूला ठेवावं लागतं. अट साधी आहे, पण घरून गळ्यात ताईत घालून निघालेल्याला ती जड जाते. मानसिक आजाराचे उपचार सुरू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात खरं लिहा. दहा दिवसांचं मौन ही गंभीर गोष्ट आहे, ताण कमी करायची सहल नव्हे.

पहिल्या प्रश्नाला आळत्याकडे अगदी ठोस उत्तर आहे: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. तो कसा काढायचा हे प्रत्येक संसारी माणसाने स्वतःला विचारावं. वर्कशॉपमध्ये पहिली पाळी सातची असेल तर साडेचारला उठावं लागेल. दुसऱ्या प्रश्नाला इथे उत्तर जवळजवळ नाही. आठवड्याची सामूहिक बैठक असते, पण तिथली माणसं एकमेकांच्या घरी मयताला जातातच असं नाही. मौनात झालेली ओळख मौनातच राहते.

भजनी मंडळ: आधी माणसं, मग देव

‘मला संघटित धर्म नको’ म्हणणाऱ्याला मी भजन सुचवतो तेव्हा भुवया उंचावतात. विठ्ठल हा देव नाही का? आहेच. पण बसून बघा. करवीर, कागल, राधानगरी, कुठल्याही तालुक्यातलं साधं भजनी मंडळ घ्या. विठ्ठल मंदिरात नाहीतर एखाद्याच्या सोप्यात, जेवणं उरकून रात्री नऊला माणसं जमतात. पखवाज, पेटी, टाळ. दूध संस्थेचा सेक्रेटरी, गवंडी, निवृत्त मास्तर, ऊस तोडून आलेला. तुम्ही काय मानता हे कुणी विचारत नाही. टाळ हातात देतात आणि सरकून जागा करतात. एवढाच प्रवेश.

संतांची वाणी ही धर्माच्या आतली असूनही धर्माच्या ठेकेदारांशी भांडलेली वाणी आहे. कर्मकांडावर तुकोबांनी जे कोरडे ओढले, ते आजचा नास्तिकही ओढायला धजणार नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागितलंय ते विश्वात्मक देवाकडे. त्याला कुठल्या देवळाचं नाव नाही, आणि मागणंही साऱ्या जिवांसाठी आहे. ज्याला सगुण मूर्ती जमत नाही त्याला इथे निर्गुणाची मोकळी वाट आहे, आणि ती आपल्याच मातीतली आहे.

मंडळात बसणं वेगळं आणि माळ घालणं वेगळं, हे मात्र स्पष्ट समजून घ्या. तुळशीची माळ घातली की मांसाहार सुटला, दारू सुटली, एकादशी आली. कोल्हापुरात तांबडा-पांढरा सोडणं हा स्वयंपाकघराचा आणि पाहुण्यारावळ्यांचाही प्रश्न होतो, म्हणून घरच्यांशी न बोलता माळ घालू नये. माळ न घालताही वर्षानुवर्षं भजनाला बसणारे पुष्कळ आहेत. चाचपून बघायचं असेल तर आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला जाणाऱ्या दिंडीत एक दिवस चाला. पुईखडीवर रिंगण होतं. पंढरपूरपर्यंतचे दिवस मोकळे काढता येत नाहीत त्यांच्यासाठी हा एक दिवस खूप काही सांगून जातो.

तोटे आहेत. ज्याला एकांत आणि स्तब्धता हवी त्याला इथे ती मिळणार नाही. काही मंडळांत जुनी उतरंड अजून बोलण्या-बसण्यात दिसते, आणि बायका अनेक ठिकाणी वेगळ्या वेळी, वेगळ्या मंडळात असतात. शिवाय शब्दांशी प्रामाणिक राहायचा प्रश्न उरतो. ज्या ओळीवर विश्वास नाही ती गायची का? माझं उत्तर असं की आर्ततेने गाता येत असेल तर गा. नसेल तर टाळ धरून ऐका. वरवरचं गाणं मात्र नको, ते त्या माणसांच्या श्रद्धेशी खोटं वागणं होतं.

रोज काय करायचं, याला भजनाचं उत्तर सैल आहे: हरिपाठ, नामस्मरण, जमेल तसं. पण दुसऱ्या प्रश्नाला याच्याइतकं भक्कम उत्तर मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मंडळातल्या माणसाच्या घरात कुणी गेलं की रात्री टाळ घेऊन सगळे हजर असतात. बोलायचं काय हे कुणालाच सुचत नसतं तेव्हा अभंग असतो. या एका गोष्टीसाठी मी भजनाला या यादीत फार वरचं स्थान देतो.

एकट्याची साधना

सर्वांत मोकळा आणि सर्वांत लवकर बंद पडणारा रस्ता. सत्याकडे कुठलीही संघटना नेऊ शकत नाही असं सांगून तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी 1929 मध्ये स्वतःभोवती उभी राहिलेली संघटना विसर्जित केली. त्यांचं म्हणणं मला खरं वाटतं. पण ते पेलणारी माणसं थोडी.

कोल्हापूर याला अनुकूल गाव आहे. पहाटे रंकाळ्यावर चालायला गर्दी असते, पण शालिनी पॅलेसच्या बाजूला बसायला शांत कोपरे सापडतात. कात्यायनीच्या डोंगराकडे सकाळी माणूस तुरळक. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे म्हणजे पायी वाऱ्या घालणाऱ्यांबरोबर कुशिऱ्याहून डोंगर चढा. वरती दर्शन घेतलं नाही तरी त्या चढणीत, आजूबाजूच्या ‘चांगभलं’मध्ये, काहीतरी हलतं. चालणं हीसुद्धा साधना होऊ शकते, आणि ज्यांना मांडी घालून बसणं शरीराने जमत नाही त्यांना मी आधी चालायलाच सांगेन.

पथ्यं दोनच. जागा आणि वेळ ठरलेली हवी, आणि पद्धत सारखी बदलायची नाही. आज श्वास, उद्या मंत्र, परवा यूट्यूबवरची बासरी असं केलं की महिनाभरात कंटाळा येतो आणि माणूस म्हणतो, ‘माझ्यात ते नाही’. खरं तर एकही विहीर पाणी लागेपर्यंत खणलेली नसते.

मयताच्या प्रश्नावर हा रस्ता पूर्ण रिकामा आहे. घरात दुःख आलं की एकट्याने ध्यान करणारा माणूस बहुधा पुन्हा जुन्याच रिवाजाकडे वळतो. रिवाज पटतो म्हणून नव्हे, दुसरं काही तयार नसतं म्हणून.

सत्यशोधकी वाट

महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. एक निर्मिक म्हणजे निर्माता, सगळी माणसं त्याची लेकरं, आणि मध्ये कुणी भटजी नको, असा तो विचार. म्हणजे फुले निरीश्वरवादी नव्हते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पुढे या वाटेवर निखळ विवेकवादीही आले. कोल्हापूरने त्याची किंमतही मोजली आहे. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी 2015 मध्ये याच शहरात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचा मृत्यू झाला. ते दुःख इथल्या लोकांचं अजून ओलं आहे.

या वाटेकडे ध्यानधारणेची पद्धत नाही. सकाळी उठून काय करायचं, तर प्रामाणिक काम आणि चिकित्सा. ज्याच्या मनाला शांत बसायची ओढ आहे त्याला हे कोरडं वाटेल. पण लग्न आणि मृत्यू या दोन प्रसंगांसाठी इथे तयार, सुंदर आणि कमी खर्चाचे मार्ग आहेत. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नात पुरोहित नसतो. वधू-वर एकमेकांना बरोबरीची वचनं देतात, आणि जोतीरावांच्या मंगलाष्टका म्हणतात. शाहू महाराजांनी 1919 मध्येच आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. आज 1954 चा विशेष विवाह कायदा आहे: तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, कुठल्याही धर्मविधीची गरज नाही. समारंभ सत्यशोधकी करा आणि नोंदणी या कायद्याखाली करा, म्हणजे पुढे कागदाची अडचण येत नाही.

मृत्यूच्या बाबतीत आपलं शहर उदार आहे. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्काराची सोय करते, आणि होळीला लोक शेणी दान करतात त्या तिथेच वापरल्या जातात. विधी करायचे की नाही हा निर्णय घरच्यांचा. रक्षा नदीत न सोडता शेतात किंवा झाडाच्या मुळाशी घालणारी कुटुंबं आता गावोगाव आहेत. कावळा शिवायची वाट बघत भावकी तासन्‌तास खोळंबते, त्याऐवजी गेलेल्या माणसाबद्दल चार जणांनी उभं राहून बोलावं, असंही होऊ लागलं आहे. देहदान करायचं असेल तर जिवंतपणी अर्ज भरा आणि मुलांना बसवून सांगा. नुसता अर्ज कपाटात ठेवला तर ऐनवेळी भावकीच निर्णय घेते.

कागदोपत्री

फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न हमखास येतो. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकार कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, आणि ‘कुठलाच धर्म नाही’ असं सांगायचाही नागरिकाला हक्क आहे. 2011 च्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या 28 लाखांहून अधिक होती. पण एक सावधगिरी: अनुसूचित जातीचा दर्जा 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध व्यक्तींनाच मिळतो. मुलांच्या सवलतींचा प्रश्न असेल तर रकाना कोरा सोडण्याआधी वकिलाला विचारा. वारसाहक्काचंही तसंच. मन बदललं म्हणून कायदा आपोआप बदलत नाही.

बाकीचे पर्याय

बुवा-महाराजांच्या बैठकांना आणि फीच्या शिबिरांना जाणाऱ्यांसाठी माझ्याकडे तीन प्रश्न आहेत. पहिल्या पायरीनंतर लगेच जास्त पैशांची दुसरी पायरी येते का? पहिल्याच आठवड्यात नातेवाईक आणायला सांगतात का? न पटलेली गोष्ट सगळ्यांसमोर विचारता येते का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ आलं, तर तिथून उठा. चमत्काराने आजार बरा करतो म्हणून कुणी पैसे घेत असेल तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि तक्रार पोलीस ठाण्यातच करता येते.

मग धरायचं काय?

मी आधी संगत निवडायला सांगेन आणि पद्धत मागाहून. श्वास बघायचा की नाम घ्यायचं, हे वर्षभरात आपोआप उमगतं. सोबतीला माणसं नसतील तर वर्ष पुरं होत नाही.

मन भरकटतं, राग आवरत नाही, तब्येत धडधाकट आहे आणि दहा दिवस सुटी मिळते, अशांनी आळत्याला अर्ज करावा. परत आल्यावर आठवड्याची बैठक सोडू नये. घरात लहान मुलं, म्हातारे आई-वडील, सुटी नाही, त्यांना भजनाचा एक वार आणि सकाळची वीस मिनिटं शांत बसणं, एवढं पुष्कळ आहे. देव हा शब्दच ज्यांना खटकतो त्यांनी सत्यशोधकी वाट धरावी, आणि तिच्यात नसलेली शांतता चालण्यातून मिळवावी. एकट्याचा रस्ता मी फक्त त्यांनाच सुचवीन ज्यांनी आधी कुठेतरी शिस्त शिकली आहे.

आणि आई म्हणालीच, ‘आरं, दिवा तरी लाव की’, तर लावा. तिच्यासाठी लावलेला दिवा तुमच्या विचाराच्या आड येत नाही. शपथ घ्यायची, गंडा बांधायचा किंवा दीक्षा घ्यायची वेळ आली तरच ‘थांबा’ म्हणा, आणि ते तिच्या तोंडावर, नीट बसून, प्रेमाने म्हणा.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर आळत्याचा अर्ज सध्या भरू नका. गावातल्या मंडळाचा भजनाचा वार विचारून घ्या आणि जाऊन बसा. शिबिराचं सहा महिन्यांनी बघता येईल.